राखी अस्तराचा कोट

आये, काल नातीनं एक कोट आणला, आणि तेव्हापासून तू काही माझी पाठ सोडत नाहीस. जांभळा कोट, त्याला पोपटी कॉलर, आणि तोही कुणीतरी घालून उतरवलेला. मुद्दाम जुना विकत घेतला म्हणे. ऑफिसात संक्रांतीचा कार्यक्रम आहे, जितकं भडक घालाल तितकं बरं, आणि जुनं असेल तर आणखी कौतुक. सूनबाईनं नाक मुरडलं, "कुणाचा उतरलेला काय माहीत!" मी मात्र कोट हातात घेतला, आधी उलटा केला, काखेतली शिवण बोटानं चाचपली आणि नाकाशी धरली. नात हसायला लागली, "आज्जी, काय करतेस?" काय सांगू तिला? हे माझं नव्हेच. हे सगळं तुझं. तू अशीच करायचीस, अंगणात पेंढ्याच्या ढिगाला टेकून, एकेक कपडा उलटा करून. मग तिनं विचारलं, "तुझ्या आईला हे सगळं कुणी शिकवलं गं?" आणि बघ, या वयात मला पहिल्यांदा कळलं की मलाच ते माहीत नाही. मी तुला कधी विचारलंच नाही. पुण्याच्या कडेला, सूसच्या या सातव्या मजल्यावर बसून आता तुला विचारतेय, म्हणजे वेडेपणाच.

तुझी पुण्याची वारी मला आठवते. वारी म्हणजे देवाची नव्हे, तांदळाची. दिवाळी उलटून भात झोडून झालं की तू आंबेमोहोराचं गाठोडं डोक्यावर घेऊन रिह्याच्या खोऱ्यातून चालत निघायचीस, पुढं गाडी मिळाली तर गाडी. पुण्यात लष्करातले, म्हणजे कँपातले, चारसहा बंगले तुझे ठरलेले. तिथं तांदूळ द्यायचा आणि त्यावर जुने कपडे घ्यायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू परत यायचीस ती तसलंच गाठोडं डोक्यावर घेऊन, फक्त आता ते हलकं असायचं आणि त्यातून काहीतरी चमकत बाहेर लोंबत असायचं. मी बांधापर्यंत पळत यायचे. आमचा बाप मी चार वर्षांची असताना गेला, आपण चुलत्याच्या घरात राहत होतो, काकीच्या हाताखाली. घरात तुझं म्हणावं असं एक भांडंसुद्धा नव्हतं. पण ते गाठोडं तुझं होतं. ते सोडायचं कुणी, तर तूच, आणि बाकीच्यांनी गोल बसून बघायचं, अगदी काकीनंसुद्धा.

काय काय निघायचं त्यातून! फाटक्या रेशमी साड्या, मखमलीचे पडदे, गोऱ्या पोरींचे झगे, कुणाच्या तरी लग्नातली जरीची टोपी. संक्रांतीला वाडीतल्या सगळ्या पोरी तुझ्या हातचं घालायच्या. परकर एकाचा, पोलकं दुसऱ्याचं, वर पाठीवर टाकायला पडद्याचं फडकं. आणि रंग तरी कसले! नारिंगीशेजारी जांभळा, हिरव्याच्या उरावर लाल. काकी म्हणायची, "अगं, जरा मेळ खाऊ दे की." तू डोळे बारीक करून दोन फडकी एकमेकांवर टाकायचीस आणि म्हणायचीस, "मेळ नगो. दोन रंग भांडलं पायजेत. मंग पोरगी लांबनं दिसती." पौषात आपल्याकडं सकाळी असं धुकं पडतं की समोरचा बांध दिसत नाही, आणि त्या धुक्यातून देवळाकडं निघालेल्या पोरी मात्र खरंच लांबून दिसायच्या. मी पुढं आयुष्यभर शिवणकाम शिकवलं, रंगसंगतीचे धडे दिले, पण तुझ्या त्या एका वाक्यापेक्षा जास्त काही मला सांगता आलं नाही. ते तुला सुचलं कुठून? लष्करातल्या बंगल्यांतून बघून आलीस, की धुक्यात मला शोधता शोधता?

एकदा तू फसलीसही. गुलाबी साटिनचा एक झगा आला होता, पायघोळ, बाह्यांना जाळी. तू म्हणालीस, ह्यो नवरीचा झगा दिसतुया, आणि त्याचा परकर करून पाटलाच्या धाकट्या लेकीला घातलास. गावात मास्तरांची बायको पुण्याची होती, ती पदर तोंडाला लावून हसत सुटली, "अहो, हा रात्री झोपताना घालायचा झगा!" बायका तुझ्याकडं बघायला लागल्या. तू सुई दातात धरून म्हणालीस, "मंग काय झालं? जागेपणी घातला तर ईटतो व्हय?" मास्तरीणबाईंचं हसू तिथंच गळालं. पुढच्या वर्षी त्यांनीच लेकीसाठी तुझ्याकडून पोलकं शिवून घेतलं. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

पण पत्र लिहायला बसले ते तुझ्या त्या कोटासाठी. मी दहा-अकराची असेन. त्या वर्षी गाठोड्यातून तो निघाला. विलायती लोकरीचा, बाईमाणसाचा, लाल आणि हळदी रंगाच्या तळहाताएवढ्या चौकटी, मधून निळी रेघ. आत राखी अस्तर. बोराएवढी बटणं. गाठोड्यातलं बाकी सगळं तू वाटायला काढलंस आणि कोट घडी करून बाजूला ठेवलास. मी म्हटलं, "आये, ह्यो माझा." तू म्हणालीस, "तुला लई मोठा हुईल. फुडं बघू." मी चार दिवस तुझ्यामागं भुणभुण केली. तू एकदाही हो म्हणाली नाहीस. तोवर मला तू कधी कशाला नाही म्हणाली नव्हतीस, खायला नसायचं तेव्हासुद्धा आपल्या पुढ्यातलं सरकवायचीस, त्यामुळं मला रागापेक्षा नवल वाटलं होतं. हिला एवढ्या मोठ्या कोटाचं करायचंय तरी काय?

संक्रांतीला तू तो घातलास. उलटा. अस्तर बाहेर, चौकटी आत. थंडीत म्हाताऱ्याकोताऱ्या लष्करी कोट घालून हिंडायच्याच, त्यात तुझ्या राखी कोटाकडं कोण बघतंय? रंडक्या बाईनं लाल-पिवळं अंगाला लावायचं नाही, कुंकवाला बोट लावायचं नाही, संक्रांतीला बायका देवळात ओवसायला जातात तेव्हा पायरीच्या खाली उभं राहायचं, हे सगळं तू मुकाट पाळत होतीस. मला वाटायचं तुला त्याचं काही नाही. तुझ्या अंगावर मी कधी मातकट लुगड्याशिवाय दुसरं बघितलं नव्हतं. पोरींच्या अंगावर दुनियेचे रंग चढवणारी बाई स्वतः अशी का, हा प्रश्न मला पडला नव्हता. पोरांना आईविषयी असले प्रश्न पडत नाहीत, आई असतेच तशी.

संक्रांतीच्या सकाळी देवळापुढं बायकांचा मेळा. सुगडी घेतलेल्या सवाष्णी वर, पोरी अंगणात, आणि तू पायरीखाली, कुणाचा हूक तुटला, कुणाची नाडी सुटली ते बघत. सगळ्या पोरी तुझ्याभोवती. मी हिरव्या पडद्याच्या परकरात, खरं तर छान दिसत होते. आणि मी मोठ्यानं म्हटलं, "आये, तुझा कोट उलटा हाय! आतनं बघ की कसला लाल-पिवळा हाय!"

अजून माझ्या कानात ते आहे, माझाच आवाज, किती गोड काढला होता मी. बायका वळल्या. काकी पायऱ्या उतरून आली. तिनं कोटाची कड धरली आणि ओढली. कडेला तू घोंगडीची पट्टी टाचली होतीस, तिचे टाके कडकड उसवले आणि खालची लाल चौकट सगळ्यांना दिसली. "अगं बया!" कुणीतरी म्हणालं. तुझा चेहरा मी बघितला नाही, खाली बघितलं. तू म्हणालीस, "पोरीच्या मापाचा करायचाय. अंगात घालून बघितल्याबिगर उसवायचा कसा?"

"माप पोरीचं, आन घातला तू व्हय?" काकी म्हणाली. बायका हसल्या. काही नुसत्या हसल्या, काही वाईट हसल्या.

तू कोट काढलास, त्या थंडीत, सुलटा केलास आणि माझ्या अंगावर घातलास. तो माझ्या घोट्यापर्यंत आला. एकेक करून सगळी बटणं लावलीस. तुझी बोटं गार पडली होती. पोरी ओरडल्या, "लई झ्याक दिसतीया!" आणि खरंच दिसत असणार, कारण सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. तू नुसत्या लुगड्यावर, हात काखेत घालून उभी होतीस. मला कोट मिळाला होता. मी गोल गोल फिरले.

काकीनं त्याच दिवशी चुलत्याच्या कानावर घातलं. तो तसा वाईट माणूस नव्हता. एवढंच म्हणाला, "फुडच्या टायमाला तांदूळ गाडीनं मी नेतो. बाईमाणसानं कशाला येवढं चालायचं?" असं मायेनं बोलला की तुला भांडायलाही जागा राहिली नाही. तुझं पुणं संपलं. लष्करातले बंगले संपले. पुढच्या संक्रांतीला पोरींनी पौडच्या बाजारातलं छिटाचं कापड घातलं, सगळ्यांचं एकसारखं, आणि धुक्यात कोण कुणाची ते ओळखू येईना. तू सुई सोडली नाहीस. ठिगळं लावलीस, वाकळा शिवल्यास. पण अंगणात गोल बसून बघावं असं तुझ्या हातातून पुन्हा काही निघालं नाही. तो कोट मात्र तू आठ दिवसांत माझ्या मापाचा केलास, इतका सुरेख की मुठा खोऱ्यातल्या पाहुण्यांनीही कुणी शिवला म्हणून विचारलं. तीन हिवाळे घातला मी. तू एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाहीस. टोमणा नाही, चापट नाही. मारलं असतंस तर बरं झालं असतं गं.

आता ही एक गोष्ट मला सुटत नाही, आणि ही शिवणारीची चौकशी आहे, हसू नकोस. मोठ्या बाईचा कोट कापून पोरीचा केला की कापड उरतं. पाठीचा जवळजवळ निम्मा पन्ना उरायला हवा. तू चिंधी टाकणाऱ्यातली नव्हेस. ते गेलं कुठं? तू गेल्यावर तुझी वाकळ मी मागून घेतली आणि एका कडेनं उसवत गेले. नारिंगी साटिन सापडलं, गुलाबी झगा सापडला, माझा हिरवा पडदा सापडला. लाल-पिवळी चौकट एकही नाही. तुला शेवटचं न्हाऊ घातलं काकीनं, मी पोचले नव्हते. पुढं कधीतरी तिला विचारलं तर ती म्हणाली, "तुझी आय लई लबाड व्हती. चोळीला आतनं अस्तर लावून घ्यायची." आणि डोळ्याला पदर लावला. कसलं अस्तर ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. म्हणजे इतकी वर्षं तू ते अंगाला लावून हिंडलीस, माझ्यासमोर भाकरी थापलीस, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. पुन्हा कुणाला सांगेन म्हणून माझ्यापासूनच लपवलंस. ते तुझं बरोबरच होतं.

नातीला मी सगळं सांगितलं, मास्तरणीचं, धुक्याचं, कोटाचंही. ती म्हणाली, "बिचारी तू, लहान होतीस, पटकन बोलून गेलीस." मी मान हलवली. सुनेलाही हेच सांगितलंय, नवऱ्यालाही सांगितलं होतं, तो असेतोवर. हे पत्र काही कुठं जायचं नाही, मशीनच्या खणात बॉबिनांखाली राहील, म्हणून इथं लिहिते. आये, मी पटकन बोलून गेले नव्हते. त्या सकाळी तू गोठ्यात बसून कोटाच्या कडांना घोंगडीच्या पट्ट्या टाचत होतीस, बारीक बारीक टाके घालत, आणि मधेच थांबून तू आतल्या चौकटींवरून हात फिरवलास. मी दाराआडून बघत होते. तू ते स्वतःसाठीच लपवतेयस हे मला तेव्हाच कळलं होतं. सगळ्यांसमोर बोलले तर तुला तो मला द्यावाच लागेल, हेही कळलं होतं.

आणि देवळापर्यंत चालत जाताना, काय बोलायचं ते मी मनात दोनदा म्हणून बघितलं होतं.