मागच्या सीटखालची तार

प्रिय रशीदभाई,

गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, मला ठाऊक नाही. पण काल आपली उतारूंची सर्व्हिस मोटार पेटता पेटता वाचली, आणि त्याबद्दल विचारायचं ते तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला विचारू?

विंझरची सखू अडली होती. तिला आणि तिच्या सासूला मागे बसवून मी भोरच्या दवाखान्याकडे निघालो. नसरापूरच्या अलीकडे जळक्या रबराचा वास आला. स्टिअरिंगखालून धूर! सासू ओरडली, "आरं, पेटली की गाडी! आता हिला कशी उतरवू?"

मी आधी बॅटरीची तार उपसली. तुम्ही शिकवलेलं हातांना आठवलं, डोकं मात्र रिकामं. सगळी बटणं बंद करून तार पुन्हा बॅटरीला टेकवली, तरी ठिणगी! म्हणजे वीज कुठंतरी लोखंडात उतरत होती. पण कुठं? सगळ्याच तारांना तुम्ही काळी पट्टी गुंडाळलेली. दिव्याची कुठली, भोंग्याची कुठली? एखादी तरी खूण ठेवायची, रशीदभाई!

एकेक तार सोडवत गेलो, ठिणगी बघत गेलो. मागे सखू विव्हळत होती. एका तारेनं बोट भाजलं. ती काढली आणि ठिणगी थांबली. ती ना दिव्याची, ना भोंग्याची. तळाच्या फळीखालून मागच्या सीटखाली गेलेली, वाटेत पत्र्याला घासून उघडी पडलेली. शेवटाला काहीच नाही, नुसती चिंधी बांधलेली!

ती तशीच बाहेर ठेवली, बाकीच्या जोडल्या आणि हँडल मारलं. गाडी सुरू झाली. सखूला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. लोक माझी पाठ थोपटतात, आणि मी आपला विचार करतोय, ही तार कशाला घातली होती?

गाडीतला स्क्रू न् स्क्रू तुम्ही मला दाखवलात. मग हीच का लपवली? राग येतो तुमचा. लगेच वाटतं, राग तरी कसला धरू? शेवटच्या त्या तापानं तुम्हाला धड बोलू तरी कुठं दिलं?

संध्याकाळी भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला अंधाराचं लई भ्या वाटतं ना. म्हणून हे म्हणले व्हते, मागं एक दिवा लावतो, मंग तरी बसशील का गाडीत? मी म्हणलं, आदी लावा तर खरं."

म्हणजे भाभींसाठी? मग दिवा आणायचा राहिला, की तुम्हीच विसरलात? आणि इतक्या वर्षांत त्यांना दिवसाढवळ्या एकदाही का नेलं नाहीत? मला काही उमगत नाही. भाभी रडता रडता हसल्या, ते पाहून तर मी आणखीच गोंधळलो.

एक मात्र शब्द देतो. येत्या शुक्रवारी भाभींना त्यांच्या माहेरी, उत्रोलीला, मोटारीनं नेईन, भर दुपारच्या उन्हात. त्या बसतील की नाही, कोण जाणे. पण गाडी दारात उभी करीन, आणि त्या येईपर्यंत भोंगा वाजवणार नाही.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
दत्तू