खडीमाळाची पहिली जत्रा

खडीमाळ, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
दि. २ एप्रिल २००६

चि. सुष्मिता,

तुझ्या शहाजादी चाचीची दुवा. शांभवीच्या गालाचा मुका घे, शशिधररावांना सलाम सांग. हुबळीत उन्हाळा कसा आहे? इकडं आम्ही सगळे मजेत आहोत, माझे गुडघे सोडून.

दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा मी 'तुझे आप्पा' म्हटलं की लाइन कट. लाइन आपोआप कट होते व्हय गं? मी काय दुधखुळी न्हाई. म्हणून आता कागदावर बोलते. कागद तू फाडलास तरी अर्धा वाचून फाडशील, एवढी तुला ओळखते मी. आणि घाबरू नकोस, तू शपथ घातली आहेस तर तुझ्या वडलांचं नाव मी काढणार नाही. गावाच्या बातम्या तेवढ्या लिहिते.

सध्या कॉलेजची पोरं गावाचा इतिहास गोळा करत हिंडताहेत. माझी नात तहरीम त्यांची पुढारी. मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "दादीमा, गाव कधी वसलं?" म्हटलं, बाई, दुष्काळात. तेव्हा इथं नुसता माळ होता. वर घारी, खाली विंचू. कॉलेज बांधायचं ठरलं आणि खडी फोडायला माणसं आली, त्यात आम्ही नवराबायको. तुझे गैबीचाचा दगड घडवायचे आणि मी पत्र्याखाली मशीन मांडून बायकांची पोलकी शिवायची. तुझी अव्वा, आमची शिवम्मा, गवंड्यांना भाकऱ्या थापून द्यायची, पुढं कॉलेज उघडल्यावर तिचीच खानावळ झाली. गणपतराव किराणा घेऊन आले. आणि नदीकाठच्या गावचा एक इसम कॉलेजात शिपाई म्हणून लागला. त्याचं नाव लिहीत नाही, पण तुझ्या अव्वाचा तो नवरा.

पाणी लांबून आणावं लागायचं. मग सगळ्यांनी मिळून विहीर खणली. चैत्रात पाणी लागलं. केवढा आनंद! बायकांनी घागरीला हळदकुंकू लावलं, आणि पहिली घागर कुणाच्या हातनं ओढायची यावर वादावादी सुरू झाली. गणपतराव म्हणे माझी बायको, चाचा म्हणे माझी. तेवढ्यात शिवम्मा खाली बसली. कळा सुरू झाल्या! मग कसली घागर आणि कसलं हळदकुंकू. माझ्याच पत्र्याखाली तू झालीस. त्या पाण्यातलं पहिलं पाणी तापवून मी तुला आंघोळ घातली. घागर कुणी ओढली ते आजतागायत कुणाला आठवत नाही, मान राहिला तो राहिलाच. माळावर जन्मलेलं पहिलं लेकरू तू. हे सगळं तहरीमनं लिहून घेतलं.

मग ती पोरं खानावळीवर गेली. त्या इसमालाही हेच विचारलं, गाव कधी वसलं? तो म्हणाला, "आजून वसल्यालं न्हाई. लेक माहेराला येत न्हाई तवर त्याला गाव म्हणत न्हाईत. छावणी म्हणत्यात." आणि उठून आत गेला.

हे मला तहरीमनं घरी येऊन सांगितलं. मला दिवसभर चैन पडलं नाही बघ.

कारण खरंच आहे की गं ते. कॉलेज वाढलं, वसतिगृहं झाली, झेरॉक्सची दुकानं आली, एस.टी. आत यायला लागली. पण कुणाला विचारावं 'गाव कुठलं?' तर जो तो आपलं जुनं गाव सांगायचा. चैत्र लागला की सगळे आपापल्या जत्रेला. आम्हीसुद्धा माझ्या माहेरच्या उरुसाला जायचो. दाराला कुलपं, विहिरीचा दोर काढून घरात, आणि माळावर राखणीचं कुत्रंसुद्धा नाही. तुझं लग्नही नदीकाठच्या गावातच लावलं. तुला ते आवडलं नव्हतं, तुझं तोंड मी बघितलं होतं.

आणि चार वर्षांपूर्वी जे झालं ते तर तूच भोगलंस. शांभवी दोन महिन्यांची. न सांगता येऊन तिला आजीच्या मांडीवर ठेवायची म्हणून तू हौसेनं आलीस, आणि आलीस नेमकी जत्रेच्या दिवशी. कॉलेजला सुट्टी, गाव ओसाड. घराला कुलूप, माझ्या घराला कुलूप, विहिरीला दोर न्हाई. पाणी समोर दिसतंय आणि तू ओली बाळंतीण तहानेनं काठावर बसलीस, ते थेट संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत.

दुसऱ्या दिवशी फोनवर तुला जवळ घ्यायचं सोडून तो इसम काय बोलला? "समदं गाव जत्रेला गेल्यालं, तू त्या मोकळ्या माळावर कशाला कडमडलीस?" आणि तू म्हणालीस, "माझं माहेर माळावरच हाय. तुमच्या गावाशी माझं काय बी नातं न्हाई." फोन आपटलास, तो आजवर. बरोबर बोललीस गं. पण तो हट्टी, तू त्याची लेक. मधल्या मधे शिवम्मा वाळत चालली.

आता गेल्या पावसाळ्याचं ऐक. कृष्णा कशी चढली ते तू टीव्हीवर बघितलं असशीलच. नदीकाठचं गाव पाण्यात गेलं. माणसं ट्रॅक्टरमधून, होड्यांतून आली ती कुठं? आपल्या माळावर. कॉलेजचे वर्ग उघडले, शिवम्मानं खानावळीच्या चुली पेटवल्या, मी सगळी गोधडी-वाकळ बाहेर काढली. तुझे थोरले काका चिखलात माखून ट्रॅक्टरमधून उतरले आणि म्हणाले, "ईरप्पा, परक्या गावात आणून टाकलंस बाबा. हितं कुणाची वळख काढायची?"

आणि ईरप्पा म्हणाले, "परकं कुणाचं? माझं गाव हाय ह्ये. बसा."

मी चहाची किटली घेऊन शेजारी उभी होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'माझं गाव' हे मी पहिल्यांदा ऐकलं. निम्मा चहा माझ्या पायावर.

बघ, निघालंच नाव. जाऊ दे, मोडली शपथ. आता सरळच लिहिते.

पाणी ओसरलं, पावणं आपापल्या घरी गेलं, आणि तुझे आप्पा घरोघरी फिरायला लागले. म्हणायचे, चैत्रात माळावर जत्रा भरवायची. आपली. लोक हसले. गणपतराव म्हणाले, "देव कुठला? देवाबिगर जत्रा व्हतीया व्हय?" तुझे आप्पा म्हणाले, "हिर हाय की. समद्यांनी मिळून केल्याली तेवढीच गोष्ट हाय हितं." मग गोड की खारं यावर रणकंदन! गणपतराव ओरडले, "मटणाबिगर जत्रा म्हंजे काय बारसं हाय व्हय?" तुमच्या घरात कांदासुद्धा लिंगपूजा झाल्याशिवाय कापत नाहीत, आणि त्यांना हवा तांबडा रस्सा! शेवटी ठरलं, पहिल्या दिवशी शिवम्माच्या पुरणपोळ्या, दुसऱ्या दिवशी गणपतरावांचं मटण, आणि दोन्ही दिवशी माझा शिरखुर्मा. माझं कुणी अडवलं नाही.

विहिरीतला गाळ तुझ्या आप्पांनी उभं राहून काढून घेतला. रिटायर झालेला माणूस, कमरेएवढ्या चिखलात. चाचांनी काठाला नवा दगड बसवला.

पण सुष्मिता, गावाच्या मीटिंगमध्ये तुझ्या आप्पांनी एक गोष्ट मंजूर करून घेतली, आणि खरं म्हणजे त्यासाठी हा कागद. जत्रा कशी सुरू व्हायची? तर पहिली घागर गावच्या पहिल्या लेकीनं ओढायची. त्या पाण्यावर पुरण शिजायचं. तोवर कुणी चूल पेटवायची नाही.

गणपतरावांनीच विचारलं, "आन् ती आली न्हाई तर?"

"तर पुढच्या वर्सी."

"पुढच्या वर्सीबी न्हाई आली तर?"

"थांबू की. माजी चूक हाय, गावानं जरा कळ काढावी."

सगळ्या गावासमोर म्हणाले गं. तुला फोनवर ते म्हणणार नाहीत, त्यांना ते जमतच नाही. मी कितीदा सांगितलं, एक ओळ लिहा पोरीला. पेन हातात घेतात आणि "ऊन लई हाय" म्हणून बाहेर जातात. म्हणून मी लिहिते आहे. त्यांना ठाऊक नाही.

जत्रा १६ तारखेला, रविवारी आहे. जुन्या गावच्या जत्रा त्याच आठवड्यात, तरी बहुतेक माणसं इथंच राहणार म्हणतात. पण खरं सांगू? ती पुरणासाठी थांबलेली नाहीत. तू येतेस का, हे बघायला थांबली आहेत. मीसुद्धा.

तुझ्या मापाचं पोलकं शिवून ठेवलंय. अंगानं सुटली असशील म्हणून दोन्हीकडं दाब जास्त ठेवलाय, उसवता येईल. शांभवीला परकर शिवलाय, उंची अंदाजानं.

काल मशीनवर बसले होते तर ठाकठूक ऐकू आली. बघते तर तुझे आप्पा तुमच्या घराच्या दाराशी पकड घेऊन बसलेले. म्हटलं, "भावजी, काय चाललंय?"

"कोयंडा काढतोय."

"अहो, मग कुलूप कशाला लावणार? चोर शिरंल की घरात."

"शिरू दे," म्हणाले. "दार हुगडं ऱ्हायलं पायजे."

कोयंडा निघाला. त्यांनी तो उचलून विहिरीमागच्या खाणीत भिरकावला आणि दोर ओढून बघायला गेले, मजबूत आहे का ते.

दोर नवा आहे, पोरी. हाताला जरा टोचेल.

तुला पहिली आंघोळ घालणारी,
शहाजादी चाची