दुसऱ्या फेरीचं उत्तर

३ ऑगस्ट
चि. गुंड्यास, अ. उ. आ.

विद्यापीठातली मुलं स्वतःहून निर्णय घेतात की वेळ अंगावर आल्यावर, हे मोजायची प्रश्नावली मी बनवतेय, हे तुला ठाऊक आहेच. ‘पर्याय संपण्याआधीच मी ठरवतो’ या वाक्यापुढे बहुतेकांनी पाचपैकी पाच दिले, आणि कागद मुदत उलटल्यावर आणून दिले. गर्जेल तो पडेल काय!

आता तीन आठवड्यांनी त्याच मुलांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तर तेच आलं तर मोजमाप भरवशाचं. त्यांच्यामागे धावून माझा पिट्टा पडलाय.

तुझी बदली झाली तर आईने कुठे राहायचं, विचारलंस. माझी मागची खोली गठ्ठ्यांनी भरलीय. सत्र संपू दे, मग बघू.

लोभ वाढव म्हणत नाही, आटू देऊ नकोस.
ताई

२४ ऑगस्ट
ती. ताईस, सा. न. वि. वि.

बदलीचा हुकूम आला. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. मिळालेली जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे दोन पायऱ्यांतच बोलायला लागतात. तुझं घर तळमजल्यावर आहे. तिला इथे एकटी सोडून जायला मन धजत नाही.

तीन आठवडे झाले, म्हणून तुझ्याच पद्धतीने तोच प्रश्न पुन्हा विचारतो: आईने कुठे राहायचं? आई म्हणते, ताईला छळू नकोस, तिची परीक्षा चालू आहे. परीक्षा मुलांची आहे, हे मी दोनदा समजावलं.

दमलेल्या भावावर माया असू दे.
गुंड्या

२९ ऑगस्ट
चि. गुंड्यास, अ. उ. आ.

दुसऱ्या फेरीला निम्मी मुलं गायब. एकीने विचारलं, मागच्या वेळी काय लिहिलं ते आठवत नाही, तर काय लिहू? आज वाटतं ते लिही, म्हटलं. आकडे कमी पडले म्हणून मार्गदर्शक बाई बोलल्या ते वेगळंच.

आईचं म्हणशील तर सत्र संपू दे, मग बघू. तू रजा घेऊन थोडं लांबव ना.

रागावलास तरी पत्र पाठवत जा.
ताई

११ सप्टेंबर
ती. ताईस, सा. न. वि. वि.

उत्तर तेच आलं, अक्षर न अक्षर. मोजमाप भरवशाचं आहे. मी तरी कोण मोठा लागून गेलो? तुझ्या पत्राची वाट बघण्यापलीकडे काही केलं नाही.

आई रविवारी मावशीकडे राहायला गेली. दोघींचं उन्हाळ्यातच बोलणं झालं होतं. बॅग स्वतः भरली, जास्तीची भांडी शेजारी वाटली. आम्हाला का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, दोघांपैकी कोणी ‘माझ्याकडे ये’ म्हणतंय का, एवढं बघत होते.

तूही तिला लिही. आपल्या दोघांत तरी दुरावा नको.
गुंड्या

२० सप्टेंबर
चि. ताईस, अ. आ.

तुझं पत्र वाचलं. खोली रिकामी केलीस, पलंग आणलास, वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण मी येत नाही. मावशी घोरते, मी भांडते, दिवस जातो. इथे मी कोणाच्या कामाच्या आड येत नाही.

तुझ्यावर राग नाही. होता, तो बॅग भरताना गेला. वेळेवर जेवत जा, किती दमतेस ते गुंड्याने सांगितलं.

सवड झाली की ये. आधी कळव. मावशीचं घर लहान आहे, पण एका रात्रीची सोय होते.

माया आहे तशीच आहे.
आई