कोर्ट उठेपर्यंत

रेणू,

लहान बहिणीले पहिले आशीर्वाद लिहाचा असते. तो लिहिला समज.

तुह्या कुंदनजीनं मच्छीमार सोसायटीच्या कागदावर मासोळीचं बीज सोडलं, तलावात सोडलंच नाही. आमचा तलाव रिकामा राहिला, म्हणून माह्या नवऱ्यानं बाजूच्या गावच्या तलावात जाळं टाकलं. त्याले वर्षभराची जेल झाली. कुंदनजीले दंड, अन् कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसाची शिक्षा. तू डबा नेला, दोघं बाकावर बसून जेवले, अन् साडेपाचच्या बसनं घरी आले.

कुंदनजीले ओवाळाले तू मलेच बोलावलं, मोठी बहीण म्हणून. मी आली. सारे म्हणत होते, बेबीचं मन मोठं आहे.

मोठं नाही, रेणू. तू त्यायले खेटून उभी होती, ते मले पाहवलं नाही. मी डोळे मिटले, अन् तुह्या दारात, तुह्याच दिव्यानं, मनातल्या मनात माह्या नवऱ्याले ओवाळलं. कुंदनजीले फक्त कुंकू लागलं.

हे पत्र तुले देणार नाही. देलं त कबुली होईन. तुही आरती मी चोरली आहे, अन् आमच्या घरच्यायले कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा भेटत नाही.

तुही,
बेबीताई