फणी तांदळाच्या डब्यात

४ ऑगस्ट, सोम.
ह्यांना घरी आणून तिसरा दिवस. डॉ. म्हणाले, "आता घरीच ठेवा. आवडीचं वाचून दाखवा, ऐकू सगळं येतं." वाचा गेली, उजवं अंग गेलं. डाव्या हाताचं बोट तेवढं चालतं. खाटेच्या कडेवर एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचला. डोळे मिटलेलेच. पेज दोन चमचे.

५ ऑग., मंगळ.
लेक मनी झरीला शाळेत शिकवते, तिथून परस्पर आली. माळ्यावरून ती विहिरीतल्या बाईची कादंबरी काढली. देवाच्या घरात भुताचं पुस्तक नको म्हणून मीच वर टाकलेली. हे शिडी लावून वरच बसून वाचायचे.
पहिली ओळ वाचली आणि ह्यांनी डोळे उघडले. देवा, तुझ्या पोथीला नाही उघडले. राग मानू नकोस.

७ ऑग., गुरु.
हातपाय धुऊन, पाटावर बसून वाचते, पोथीसारखं. दुसरं येत नाही मला. शेजारच्या जयाबेन खिडकीतून, "अरे भाभी, श्रावणमां भूतनी चोपडी?" म्हटलं, श्रावण असो, ह्या भुताच्या पुस्तकानेच जेवतात. चार चमचे गेले आज.
गोष्ट अशी. मेलेली बायको दर अवसेला विहिरीतून येते, नवऱ्याकडे आपली फणी मागते. फणी सापडत नाही. ह्यावर निघालेले सिनेमे तिन्ही पाहिलेत मी मनीबरोबर. पहिल्यात फणी समुद्रात टाकतात, तर शेवटी लाटेतून हात वर. म्हणून दुसरा. तिसऱ्यात बाई मुंबईला, लिफ्टने. हे काय हसायचे! "विहिरीतली बाई लिफ्टने? अगं, पुस्तकात ती जाते. गेली म्हणजे गेली. सिनेमावाल्यांना तिकिटं खपवायची असतात." कशी जाते विचारलं तर, "वाच की स्वतः."

१० ऑग., रवि.
पानं संपत आली. महिनाअखेरीस साखर पुरवावी तशी पुरवतेय. काल सहा, आज तीन. वर कालचंच पान चुकून परत वाचलं. चुकून नाही.
टक टक. कळतं त्यांना.

१२ ऑग., मंगळ. अंगारकी.
फणी कुठे ते कळलं. नवऱ्यानेच लपवलीय, तांदळाच्या डब्यात. दिली तर ती सुटेल, पुन्हा यायची नाही. म्हणून दर अवसेला "मला काय ठाऊक" म्हणतो मेला.
पुस्तक मिटलं. अकरा पानं राहिली. ह्यांचं बोट पुस्तकाकडे. "उद्या," म्हटलं.
मला वाटतं हे शेवटासाठी थांबलेत. मनीला बोलले नाही. उभ्या जन्मात पोथी अर्धी सोडली नाही. आज गणपतीपुढे हेच मागितलं, ही एवढी अर्धी राहू दे.

१३ ऑग., बुध.
पेज सगळी बाहेर. पाणीही ठरत नाही. बोट पुस्तकाकडेच.
मग पान उघडून धरलं आणि त्यात नाही ते वाचलं. सिनेमातलं. फणी समुद्रात, लाटेतून हात, बाई परत. आवाज पोथीचाच ठेवला. टक टक. मी वाचतेच आहे. बाई मुंबईत आली. टक टक. इमारतीत शिरली. टक टक, टक टक. मग ओठ हलले. पडल्यापासूनचा पहिला शब्द.
"लिफ…"
डावा गाल हसला. मीही हसले. हसता हसता पदर तोंडात कोंबला, त्यांना ऐकू येतं ना सगळं

१४ ऑग., गुरु.
सकाळीच मनीला फोन, रजा टाक नि ये. "आई, काय झालं?" म्हटलं, वाचायचंय.
चष्मा पुसला. पाट उशाशी मांडला. ह्यांना विचारलं, "वाचू?" टक. "सगळं?" डोळे पुस्तकावरून माझ्याकडे वळले. मग टक.
मनी वाटेत मसोलीपर्यंत आलीय, फोन आला. तोवर पेजेला मूठभर तांदूळ घ्यावे म्हणून डब्यात हात घातला. मूठ भरली होती. तरी तळापर्यंत चाचपत राहिले.