काजळीच्या काचेतून सूर्य

उकवा, ता. ९ जून १९७०

तीर्थस्वरूप प्रेमलालभाऊ यांस चैतरामचा सविनय जय भीम. खोकला कसा आहे? तुमची बहीण पुष्पलता खुशाल आहे. (सध्या माझ्याशी बोलत नाही, म्हणून मीही खुशाल.)

एप्रिलच्या शेवटी आमच्या खाणीतला सुखराम भर दुपारी दगड फोडताना उन्हानं गेला. रोजचा पारा पाहून लिहायचं काम माझं. त्या दिवशीचे त्रेचाळीस मीच लिहिले. भेटायला गेलो तर त्याची बायको जिजाबाई म्हणाली, "बाबू, तुमी रोज पारा पाह्यता. मंग सांगा, ऊन काहून वाढून राह्यलं?"

हेच मी शाळेतल्या खेमराज मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, कोळसा-पेट्रोल जाळून निघणारा एक वायू पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो, ऊब बाहेर जाऊ देत नाही. मी हसलो. तापतो सूर्य अन् आळ धुरावर? सूर्यावर डाग असतात; ते वाढले की तो जास्त तापत असणार, मीच सिद्ध करतो म्हटलं. कंदिलावर काच काळी केली अन् रोज बाराला अंगणात डाग मोजत बसलो. (शेजारच्या शांताबाईला वाटलं, मी नवस फेडतोय. तिनं गूळ आणून दिला. खाल्ला.)

पंधरा दिवस झाले. डाग चार असोत की एक, पारा आपल्याच तालात! मास्तर म्हणाले, "सूर्याचा थोडा हात असतोच, पण गोधडीपुढे किरकोळ. अन् एका उकव्याच्या वहीवरून जगाचं ठरत नाही." मी चिकाटी सोडली नाही. विसाव्या दिवशी अगदी मधोमध मोठा डाग दिसला. धावत मास्तरांकडे गेलो, तर तोच डाग मास्तरांच्या तोंडावर. मग भातात, भिंतीवर, पुष्पलताच्या कपाळावर. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा मधून जळाला, आता नजर परत येणार नाही.

जिजाबाईला जाऊन सांगितलं, सूर्याचा दोष मला सापडला नाही. मास्तर धूर म्हणतात. ती म्हणाली, "आमच्या घरी तं चूल बी रोज पेटत नव्हती."

बाकी सर्व ठीक.

आपला,
चैतराम

ता. क. ओळी वाकड्या असतील तर रागावू नका. शब्दाचा मधला भाग अंदाजानं लिहितो.

ता. क. दादा, पाकीट चिकटवायच्या आधी मी पुष्पलता लिहून राह्यली. ह्यायले नागपूरले मोठ्या डॉक्टराकडे न्या. काल जिजाबाईकडून आले तवापासून डाव्या डोळ्यानं मोजायले बसले. काच मी फोडली, तं बिना काचेचे बसतात. लवकर या.