मुठीचं पाऊल

पनवेल,
३ ऑगस्ट २००९

ती. शकूवन्सं यांस,
दमयंतीचा सा. न. वि. वि.

शुक्रवारी सकाळी दूध उतरवून ठेवलं होतं, लादी पुसून झाली होती आणि मी उंबरठ्याशी बसून लक्ष्मीची पावलं काढत होते. श्रावणातला शुक्रवार, तुम्हाला माहीतच आहे. तांदळाच्या पिठीच्या पाण्यात मूठ बुडवायची, करंगळीची बाजू लादीवर टेकवायची, वर बोटांचे ठिपके द्यायचे. दोन-चार पावलं झाली तोच समृद्धी न्हाणीतून ओलीच पळत आली, मागे टॉवेल घेऊन अनुष्का. पोर माझ्या पावलांच्या शेजारूनच दारापर्यंत गेली आणि खिदळत परत आली.

ती गेल्यावर मी खाली बघत राहिले. माझ्या पावलांना मध्ये कंबर होती. तिच्या पावलांना नव्हती. टाचेपासून बोटांपर्यंत सगळा तळवा उमटलेला, छोट्या इस्त्रीसारखा. सूनबाईला दिसायच्या आत मी फडकं फिरवलं.

वन्सं, असाच तळवा मी लग्न झाल्यापासून रोज न्हाणीच्या दारात पुसत आले. ह्यांचा. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील, तरी न्हाणीपुढची लादी कोरडी दिसली की मला अजून काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. ह्याच तळव्यांपायी ह्यांना पोलीस भरतीतून परत पाठवलं. धावण्यात पुढे होते, छातीही भरली, आणि शेवटी ओल्या पायांनी फरशीवर उभं करून घरी जायला सांगितलं. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

शुक्रवारपासून मी पोरीचे पायच बघते. उभी राहिली की तिचे गुडघे एकमेकांना लागतात, तेही आता दिसायला लागलं. समोरच्या सुनीताबाईंनी सांगितलं की त्यांच्या भाच्याला सपाट तळव्यांसाठी पट्टीचे बूट करून दिलेत, घरातसुद्धा दिवसभर घालायचे, नाहीतर पुढे पाठीचं दुखणं लागतं. शैलेशने ऐकलं आणि बूट करायला टाकतो म्हणाला. तुमचा भाचा, एकदा ठरवलं की ठरवलं. अनुष्का त्या रात्री जेवली नाही. तीन वर्षांची पोर, तिला घरात अनवाणी पळायचं सुख नाही म्हणजे काय?

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. एकच विचारते. लहानपणी ह्यांचे पाय दुखायचे का? मला ते कधी म्हणाले नाहीत, पण न बोलता सोसायची त्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सांगाल ते मी शैलेशला सांगेन.

भावोजींना नमस्कार. माया होती तशीच राहू द्या.

आपली,
दमयंती


उरण,
८ ऑगस्ट २००९

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, मग ते हसले. अगं, तू पोरीचा पाय ताडून पाहिलास तो कशाशी? स्वतःच्या मुठीशी! लक्ष्मीला ओल्या लादीवर चालताना कुणी बघितलंय? आपल्या सासवा-आज्यांनी मूठ टेकवली आणि त्याला पाऊल म्हटलं, आपणही म्हणतो. पण त्या मुठीपुढे नातीला उभं करून तिला नापास करणारी आजी मी पहिलीच पाहिली. एवढी पुस्तकं वाचतेस, वाचनालयवाले तुला घाबरतात, आणि ही तुझी तऱ्हा!

आता दादाचं ऐक. तो आठेक वर्षांचा असताना आबांनी आळीतल्या काशिरामकडून त्याला बूट शिवून घेतले, आत लोखंडी पट्टी घातलेले. केवढे जड! मांजराच्या अंगावर पडले असते तर मांजर गेलं असतं. दादा ते घालून घरातून निघायचा, वाटेत मोरीखाली काढून ठेवायचा, अनवाणी शाळेत जायचा आणि येताना पुन्हा घालायचा. कुणी येत नाही ना हे बघायचं काम माझं. त्याबद्दल मला चिंचा मिळायच्या. एका पावसाळ्यात मोरीतून लोंढा आला आणि बूट खाडीला मिळाले. दादाने आबांना चोरीला गेले म्हणून सांगितलं. आबांना शेवटपर्यंत कोडं होतं, असले बूट चोरणारा कोण असेल.

तळवा सपाट होता तो सपाटच राहिला. पण दुखला कधीच नाही, वहिनी. सोसत असता तर मला कळलं असतं, कारण काटा रुतला तरी तो अख्खी आळी गोळा करायचा. न बोलता सोसायची सवय त्याला नंतर लागली. वीज मंडळात लागल्यावर मीटर बघत नेऱ्याच्या बाजूची गावं पायी फिरला, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. संध्याकाळी घरी येऊन पाय दाबून दे म्हणाला का तुला कधी? भरतीहून आला त्या दिवशी मात्र मागच्या पडवीत बसून रडला. पाय दुखत होते म्हणून नाही. धड पायांना कुणी वाईट म्हटलं म्हणून.

पण मी डॉक्टर नव्हे. माझ्या भावाचं झालं तेच तुझ्या नातीचं होईल असं मी छातीठोक सांगणार नाही. शैलेशला म्हणावं, आत्या म्हणते आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव, मग बूट. आणि अनुष्काला जेवायला घाल.

कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून ते डब्यात ठेवलंय. डबा छान ऐकतो. समृद्धीला पापा. तुझ्या मनात माझी जागा आहे तेवढी ठेव, जास्त मागत नाही.

तुझी,
शकू


पनवेल,
गौरी यायच्या आदल्या दिवशी

ती. शकूवन्सं यांस,
सा. न. वि. वि.

गणपतीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला, रागावू नका. बातमी चांगली आहे.

तुमचं पत्र मी शैलेशला वाचायला दिलं. मांजरापाशी आला आणि हसू आवरेना त्याला. मग निमूटपणे डॉक्टरांची वेळ घेतली. आम्ही चौघंही गेलो. मी वाचनालयातून शरीरशास्त्राचं पुस्तक आणून वाचलं होतं, लहान मुलांच्या तळव्याला चरबीची गादी असते वगैरे. पण छापलेलं वाचून मन थाऱ्यावर येत नाही, वन्सं, माणसाने पोरीला हात लावून सांगावं लागतं.

डॉक्टरांनी तिचा पाय हातात घेऊन सगळीकडे वळवून पाहिला. मग टेबलावरची बाहुली उचलून उंच धरली आणि घे म्हणाले. समृद्धी चवड्यांवर उभी राहिली, टाचा उचलल्या, आणि त्यांनी मला खाली वाकून बघायला सांगितलं. तळव्याखाली कमान आली होती! गोटी मावेल एवढीच, पण आली होती. टाचा टेकल्या की गेली, उचलल्या की पुन्हा आली. मी दोनदा बघितलं. बाहुली मिळाल्यावर बाईसाहेब चवड्यांवरून उतरायला तयार होईनात.

ते म्हणाले, ह्या वयात पाय मऊ असतो, सांधे सैल असतात, उभं राहिलं की सगळा तळवा टेकतो. बहुतेकांची कमान सहा-सात वर्षांपर्यंत दिसायला लागते. काहींची कधीच दिसत नाही, आणि पाय दुखत नसेल तर त्यांचं काही अडतही नाही. बुटाने कमान घडत नाही. घरात, मातीत, वाळूत अनवाणी पळू दे. गुडघे लागतात तेही ह्या वयातलंच, सातेक वर्षांपर्यंत आपले आपण सरळ होतात. पाय दुखला, ताठ वाटला, लंगडली, एकच पाय वेगळा दिसायला लागला, तर मात्र लगेच यायचं.

अनुष्काने विचारलं की आजोबांचे पाय असे होते, त्यातून आलं असेल का. असेलही, म्हणाले, आणि शैलेशला बूट-मोजे काढून उभं राहायला सांगितलं. वन्सं, तुमच्या भाच्याचे दोन्ही तळवे सपाट! इतकी वर्षं क्रिकेट खेळतोय, दर रविवारी मैदानावर असतो, आणि त्याला स्वतःला पत्ता नाही. मी आई, त्याला न्हाऊ-माखू घातलं, मलाही नाही. हा माणूस पोरीला पट्टीचे बूट करायला निघाला होता. अनुष्का इतकी हसली की बाहेरची माणसं आत डोकावली. घरी येईपर्यंत ती त्याला मोरीखालचे बूट हवेत का म्हणून विचारत होती. त्या रात्री दोन वेळा भात घेतला तिने.

सुनीताबाईंनाही सांगितलं. भाच्याला एकदा दाखवून आणा म्हटलं. बघू, म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. हे असते तर त्या दवाखान्यात मी त्यांनाही चवड्यांवर उभं केलं असतं. त्यांच्या पायांना कुणी चांगलं म्हटलेलं त्यांना ऐकायला मिळालं असतं. ते आता होणे नाही. पण तुम्ही पडवीतलं लिहिलंत, ते बरं केलंत. मला ते ठाऊक नव्हतं.

उद्या गौरी येणार. ह्यांच्या मागे गौर अनुष्का घेते, पावलं मात्र मीच काढते, तिला मूठ जमत नाही. विधवेने काढू नयेत म्हणणाऱ्या आहेत, त्यांना म्हणू दे. भावोजींना नमस्कार. जीव लावता तसाच लावत राहा, आणि यंत्र डब्यातून काढा.

आपली,
दमयंती

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं, म्हणून आजचं लिहिते. आज मी मुठीने पावलं काढली नाहीत. परातीत कुंकवाचं पाणी केलं, समृद्धीला त्यात उभं केलं आणि गौर घेतलेल्या अनुष्कापुढे तिला दारापासून मखरापर्यंत चालू दिलं.